उताराचं मैदान

कापणी तोंडावर आली असताना एका पहाटे वारा सुटला आणि दादाचं उभं पीक झोपवून निघून गेला. मागे पाऊस नाही, गारा नाहीत, नुसता वारा. नुकसान म्हणावं तर दाणा शाबूत, आणि शाबूत म्हणावं तर हाती लागायची पंचाईत. मशीनवाला बांधापर्यंत आला, पण मशीनवरून खाली उतरला नाही.

"दादा, माझं मशीन उभ्या पिकाचं आहे. झोपलेल्याला ते उठवत नाही."

"मग कोण उठवणार?"

"विळा," असं म्हणून त्याने मशीन वळवलं.

मजूर मिळायचा प्रश्नच नव्हता. वारा सगळ्यांच्याच शेतात जाऊन आला होता आणि जो तो आपापलं झोपलेलं उठवत होता. घरात विळे चार होते. माणसंही चार होती: दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि दादाची धाकटी बहीण. पण बहिणीला दादा माणसांत धरत नसे, कारण तिला उकिडवं बसता येत नसे.

या बहिणीला सगळं गाव आत्या म्हणे. खरी आत्या ती एकाच पोरीची, दादाच्या खारूची. लहानपणी ही पोर खारीसारखी दिसेल त्यावर चढायची, म्हणून तिला खारू म्हणायचे. मैदानावर खारू "आत्या, इकडे दे!" म्हणून ओरडायची, बाकीच्या पोरींनी तेच उचललं. पुढे पंक्चरवाला, शाळेचा शिपाई, सगळेच आत्या म्हणू लागले. ड्रिलमास्तर तर तिच्यापेक्षा वयाने मोठे होते, तरी तेही आत्याच म्हणत. बाईमाणसाला कोच म्हणण्यापेक्षा ते त्यांना सोपं जाई.

एके काळी ती देशाच्या संघातून फुटबॉल खेळली होती. हे गावाला माहीत होतं. म्हणजे तेवढंच माहीत होतं. संघाचा फोटो पेपरात आला तेव्हा ती अगदी कडेला उभी होती, आणि छापणाऱ्याने कात्री चालवल्यामुळे गावाच्या वाट्याला तिचा एक कान आणि डावा पाय आला. पण खेळणारा पाय तोच होता. लहानपणी घरात फुटबॉलचे बूट एकच जोड. दादा मोठा, म्हणून उजवा त्याने घेतला आणि डावा बहिणीला दिला. उजव्या बुटाने दादाने फारसं काही केलं नाही. डाव्या बुटाने बहीण विमानात बसून आली. त्यावर दादाचं म्हणणं ठरलेलं होतं: "हिला डावा पाय दिला कुणी? मी."

मग एका सामन्यात समोरच्या संघातली एक धिप्पाड बाई चेंडू सोडून तिच्या उजव्या गुडघ्यावर आली. फुटबॉल संघटनेने आपुलकीने चौकशी केली, बर्फ दिला आणि परतीचं तिकीट काढून दिलं. गावाने सत्कार करून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पुढे बंद पडलं, पण गुडघ्याच्या मानाने बरंच टिकलं. एकदा बघायला आलेले पाहुणे तिला चालायला लावून, बाजारात जनावर चालवून बघतात तसं बघून, चहा न घेता उठले. तेव्हापासून तो विषय घरात निघाला नाही.

शाळेने तिला मुलींच्या फुटबॉलसाठी ठेवून घेतलं. कागदावर कोच ड्रिलमास्तर होते आणि ती मदतनीस. ड्रिलमास्तरांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, पण शिट्टी त्यांची होती आणि झाडाखालची खुर्चीही. आत्याच्या वाट्याला मैदान. ते शाळेमागे, ओढ्याच्या अंगाला चांगलंच कललेलं होतं. चेंडू सोडला की तो आपणहून ओढ्याकडे निघे. तिथे सरळ उभं राहायचं तर एक गुडघा वाकवावाच लागे. त्या उतारातले दगड तिने पोरींना घेऊन वेचले, गोलाचे खांब रोवले, आणि पंक्चरवाल्याने टाचलेल्या, एका बाजूने फुगीर चेंडूवर पोरी शिकवल्या.

शिकवायची तिची पद्धत एकच. "बघा. मी करते तसं करा." आणि ती करून दाखवी.

वारा आला त्या दिवशी संध्याकाळी दादा जेवता जेवता म्हणाला, "उद्यापासून खारू मैदानावर जाणार नाही. शेतात येईल."

"दादा, चाचणी आलीय," आत्या म्हणाली. मुलींच्या निवासी क्रीडाशाळेची निवड चाचणी व्हायची होती. खारू निवडली गेली तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच, आणि पुढे खेळही. "आत्ता सराव सोडला तर गेलंच सगळं."

"चाचणी पुढच्या वर्षीही येते. पीक येईल का?"

"पुढच्या वर्षी हिचं वय बसत नाही."

खारू ताटाकडे बघत बसली होती. बाप आणि आत्या बोलत असताना पोरीने कुठे बघायचं याचं हे घरातलं जुनं ठिकाण.

"तिची पात मी धरते," आत्या म्हणाली.

एका माणसाने कापत पुढे न्यायची जी पट्टी, ती पात. दादाने घास तोंडात तसाच धरला. मग हसला.

"तू? बसणार कशी? खुर्ची नेऊ का शेतात?"

"कशी का बसेना. पात मागे राहिली तर बोल."

वहिनी म्हणाली, "वन्सं, उगाच हट्ट करू नका. पीक आडवं आहे, जमिनीला नाक लावून कापावं लागतं."

"नाक शाबूत आहे माझं, वहिनी."

दादाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, रिकामा केला आणि खाली ठेवला. "ठीक. पण ऐकून ठेव. पोर चाचणीत निघाली तर मी स्वतः पोचवायला जाईन. नाही निघाली तर बूट गोठ्यात टांगायचे, तिची पात तिने धरायची, आणि पुन्हा या घरात फुटबॉलचं नाव काढायचं नाही. तू आपली शाळेत काय शिकवायचं ते शिकव. माझी पोर नाही."

"चालेल," आत्या म्हणाली. खारूला कुणी विचारलं नाही. पण ताटाकडे बघता बघता ती हसली, हे आत्याने पाहिलं.

आडवं पीक कापायचं म्हणजे आधी ते शोधायचं. ताटं एकमेकांत गुंतलेली, कणसं मातीला टेकलेली. डाव्या हाताने मूठ सोडवून उचलायची, उजव्या हाताने बुडाशी विळा घालायचा, मूठ मागे टाकायची आणि उकिडव्यानेच पुढे सरकायचं. आत्याला सरकता येत नव्हतं. ती डाव्या पायावर बसे, उजवा पाय बाजूला लांब सोडी आणि तो ओंडका ओढावा तसा ओढत पुढे नेई. टाचेची चरी मातीत उमटत जाई. दादा दुरूनही सांगू शकत असे की बहिणीची पात कोणती.

ऊन चढलं की गुडघा आधी दुखे, मग सुजे, मग बधिर होई. बधिर झाला की तिला बरं वाटे, आणि त्याच सुमारास शाळा सुटे. मग ती विळा वहिनीकडे देई, ओढ्यावर हातपाय धुई आणि मैदानावर जाई. ताटांच्या धारदार पानांनी हात ओरबाडलेले असत. कुसळं गळ्यात शिरलेली असत.

"आत्या, आधी बस ना जरा," खारू म्हणे.

"बसूनच आलेय दिवसभर. चेंडू आण."

त्या दिवसांत ती पोरींना आपला जुना शॉट शिकवत होती. चेंडू डावीकडून घ्यायचा, उजवा पाय रोवायचा, आणि डाव्याने असा मारायचा की गोलकीपरला तो शेवटपर्यंत समजत नाही. पूर्वी रोवलेला पाय नुसता वाकून जाई. आता कापणीने तो वाकेनासा झाला होता. म्हणून ती अलीकडे आधी अर्धं पाऊल थांबे, गुडघा बाहेर टाके, अंग खाली सोडी आणि मग मारी. शॉट मात्र जाई. डाव्या पायाला कुणी काही केलं नव्हतं.

"बघितलं? आता तुम्ही."

आणि पोरी करत. एकामागून एक. खारूचा तर असा बसला की फुगीर चेंडूसुद्धा वाट चुकला नाही. आत्या दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिली. इतक्या लवकर तिच्या स्वतःच्या कोचलाही तिच्याकडून हा शॉट करून घेता आला नव्हता.

"पोरींचं लक्ष आहे हो," ड्रिलमास्तर खुर्चीतून म्हणाले. "अगदी हुबेहूब."

घरी एकदा सकाळी खारू पाण्याची रिकामी बादली घेऊन अंगणातून गेली तेव्हा वहिनी म्हणाली, "चाल बघा पोरीची. झोकांडी खाल्ल्यासारखी."

"उताराच्या मैदानावर पळतात," दादा विळ्याला धार लावत म्हणाला. "सवय लागते. खलाशी नाही का, जमिनीवरही डुलत चालतात."

आत्या गुडघ्याला गरम फडकं गुंडाळत होती. तिला दादाचं बोलणं पटलं. दादाचं बोलणं तिला पटण्याचे प्रसंग कमी, त्यामुळे ते तिच्या लक्षात राहिलं.

चाचणीच्या दिवशी शाळेने जीप दिली. ड्रिलमास्तर पुढे बसले, शिट्टी गळ्यात. मागे पोरी, बूट मांडीवर. दादाही आपलं काम सोडून जीपपर्यंत आला. खारूच्या बुटाची सुटलेली नाडी त्याने स्वतः वाकून बांधली आणि म्हणाला, "पडू बिडू नकोस."

मोठ्या गावचं स्टेडियम ताटासारखं सपाट होतं. पोरी आत शिरून थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. एकीने चेंडू खाली ठेवला आणि तो कुठे जातो याची वाट बघत राहिली. चेंडू कुठेच गेला नाही.

निवड करायला आलेली बाई आत्याच्या जुन्या संघाची कप्तान होती. काळा चष्मा, पांढरे बूट, अंग थोडं सुटलेलं. तिने आत्याला मिठी मारली.

"अगं डावखुरे! वाळलीस किती! शेतात राबतेस की काय?"

"थोडंफार. कप्तान, माझ्या पोरी बघ. एक तर अशी आहे ना—"

"थांब, तू सांगू नको. मीच ओळखते." कप्तान हसली. "पळवा त्यांना."

ड्रिलमास्तरांनी शिट्टी मारली. दिवसभरात त्यांचं काम एवढंच होतं आणि ते त्यांनी चोख केलं.

पोरी पळाल्या. कप्तानचं हसू अर्ध्या वाटेत थांबलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मग पुन्हा काढला.

"गाडीला अपघात झाला का तुमच्या?"

"नाही. का?"

"मग सगळ्या लंगडतात कशा?"

"लंगडत नाहीत गं. आमच्या मैदानाला उतार आहे ना, त्यामुळे—" म्हणता म्हणता आत्याने मैदानाकडे पाहिलं. उतार तिथे नव्हता. पोरी पळत होत्या. प्रत्येकीचं उजवं पाऊल पडलं की प्रत्येकीचं अंग खाली जाई आणि वर येई, एका दोरीने ओढल्यासारखं.

"शॉट मारायला सांग," कप्तान म्हणाली.

खारू पुढे आली. चेंडू डावीकडून घेतला. अर्धं पाऊल थांबली, उजवा गुडघा बाहेर टाकला, अंग खाली सोडलं आणि मारला. चेंडू जाळीच्या कोपऱ्यात गेला. बाजूला उभ्या दुसऱ्या गावच्या पोरी फिदीफिदी हसल्या. टेबलाशी बसलेला एक साहेब म्हणाला, "हा काय प्रकार आहे? नाच आहे का?"

कप्तान हसली नाही. "तू मार," ती आत्याला म्हणाली.

"मी?"

"हो. इथे. सगळ्यांसमोर."

आत्याने चप्पल काढली आणि अनवाणी मारला. टेबलाशी मोठा हशा पिकला. साहेबाला मूळ प्रत बघायला मिळाली होती.

"हा शॉट मला पाठ आहे," कप्तान तिला बाजूला नेऊन हळू म्हणाली. "कितीदा जिंकलोय आपण त्यावर. पण तू असा मारत नव्हतीस. हा मोडल्यानंतरचा आहे." मग तिने खारूला बोलावलं. तिचा गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. "दुखतं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"थोडं. पण ते दुखतंच ना. आत्याचं पण दुखतं."

"बाळ, टीव्हीवर बघत नाही का सामने? कुणी असं खेळतं?"

"बघतो ना," खारू म्हणाली. "पण ते पुरुषांचे असतात. आम्हाला वाटलं बायकांचं असंच असतं."

कप्तानने मान दुसरीकडे वळवली. मग म्हणाली, "बरं. आता सरळ पळून दाखव. अंग खाली न सोडता."

खारूने जीभ दातांत धरली आणि पळाली. एकेक पाऊल मोजून टाकत, ओल्या फरशीवरून जावं तशी. चेंडूपाशी पोचली तेव्हा रोवायचा कुठला आणि मारायचा कुठला हेच तिच्या लक्षात राहिलं नाही. चेंडू पायाला चाटून बाजूला गेला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही. ती थांबली, गुडघा बाहेर टाकला, मारला. चेंडू जाळीत गेला आणि तिचा चेहरा पडला.

"पाय आहे हिला," कप्तान म्हणाली. "खोटं नाही बोलत. पण हे सोडवायला दोन वर्षं जातील, आणि मला दोन महिन्यांत संघ उभा करायचाय. शिवाय सुटेपर्यंत गुडघा राहिला तर. तुझा एका बाईने मोडला. हिचा तू रोज थोडा थोडा मोडते आहेस."

"कप्तान, मी तिला—"

"मला माहितीय गं. मला सगळं माहितीय." तिने चष्मा लावला. "पुढचा संघ!"

परतीच्या जीपमध्ये बोलले ते ड्रिलमास्तरच. ते म्हणाले की पक्षपात सगळीकडे असतो. मोठं गाव मागे पडल्यावर खारूने विचारलं, "आत्या, मी लंगडते?"

"नाही. मी लंगडते."

खारूने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट एकमेकांना बांधले. टांगायला सोपं पडतं.

दादा अंगणात उभा होता. त्याने खारूच्या हातातले बूट घेतले, गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "विळ्याला धार लावून ठेवलीय. सकाळी लवकर निघायचं." मग बहिणीकडे न बघता, "तू सुटलीस. तुझी पात संपली."

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरी आल्या; खारू सोडून सगळ्या. आत्याने त्यांना ओळीने उभं केलं आणि म्हणाली, "आजपासून माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं. मी सांगेन ते ऐकायचं. माझ्याकडे बघायचं नाही."

"मग कळणार कसं?" एकीने विचारलं.

"ऐकून."

पोरींनी पाठ केली. आत्याने सांगायला सुरुवात केली, "चेंडू डावीकडून घ्यायचा, उजवा पाय..." आणि थांबली. उजवा पाय सरळ कसा रोवतात हे तिला शब्दांत सांगता येईना. ते तिला कधी कुणी शब्दांत सांगितलंच नव्हतं. एकेक पोर हळूच मान वळवून बघू लागली, ती पायाने दाखवते का म्हणून.

ड्रिलमास्तर खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "या, आत्या. बसा इथे." त्यांनी खुर्ची हाताने झटकली. "उगाच नाही मी कधी काही करून दाखवत. अनुभवाने कळतं माणसाला."

ती बसली. गुडघ्याला बरं वाटलं, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

सराव आटोपल्यावर ती चहा घेऊन शेतात गेली. कापणी बरीच उरकली होती. पेंढ्या बांधून खळ्यावर नेणं चाललं होतं. दादा बांधावर घाम पुसत बसला होता. वहिनी खळ्यावर पेंढ्या उतरवून घेत होती. शेताच्या टोकाकडून खारू येत होती. डोक्यावर भली मोठी पेंढी, एक हात वर, दुसरा मोकळा. मान ताठ. पावलं सारखी पडत होती, उजवं, डावं, उजवं, डावं. अंग तसूभरही खाली जात नव्हतं. पेंढीतलं कणीस हलत नव्हतं.

आत्याच्या हातातली किटली कलली. चहा मातीत गेला.

"बघ," दादा म्हणाला. आवाजात कुत्सितपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. बूट दिला तेव्हाही तो असाच, देणाऱ्याच्या आवाजात बोलला असेल. "बघ, कशी सरळ चालते. उगाच कप्तान नि चाचण्या. पोरीच्या डोक्यावर ओझं दिलं की सगळं सरळ होतं."

आत्याने किटली सरळ केली. दादा खरं बोलत होता.

खारूने खळ्यावर पेंढी टाकली, पदराने वारा घेणाऱ्या आईशी काहीतरी बोलली, आणि पुढची पेंढी आणायला वळली. बांधावर आत्या दिसली तशी तिने हात हलवला. मग रिकाम्या डोक्याने शेताच्या टोकाकडे निघाली, प्रत्येक उजव्या पावलाला खाली जात, वर येत, हुबेहूब.